भावोजींचा पाट

माझ्या भावोजींइतकं पाणी बघितलेला आणि त्यांच्याइतकं कमी पाणी प्यालेला माणूस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुसरा झाला नसेल. आयुष्यभर विद्यापीठात त्यांनी पाणीच शिकवलं. नदीचं, कालव्याचं, गटाराचं, पुराचं, जमिनीखालून मुकाट चालणारं आणि वर यायला तयार नसणारं. पण जेवताना ताईने पुढे ठेवलेला पेला जेवण संपलं तरी भरलेलाच असायचा. ते तो उजेडात धरायचे, हलकेच कलता करायचे, काठावरून सुटलेला थेंब खाली न पडता पेल्याच्या अंगाला चिकटून कसा ओघळतो ते बघायचे आणि परत ठेवून द्यायचे. "अहो, प्या की ते," ताई म्हणायची. "पिऊन टाकलं तर दिसणार कसं?" हे त्यांचं उत्तर. चहा मात्र दिवसभर चालायचा. चहातून आरपार दिसत नाही, त्यामुळे तो प्यायला हरकत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं.

ते जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्यामागे माझी ताई राहिली, कॅरी गावातलं घर राहिलं आणि काचेच्या भिंतींचा एक लांबलचक पाट राहिला. विद्यापीठात त्याला फ्ल्यूम म्हणत. भावोजी पाट म्हणत, म्हणून आम्हीही पाट म्हणायचो. एका टोकाने त्यात पाणी सोडायचं, दुसऱ्या टोकाला उभी-आडवी करता येणाऱ्या फळीवरून ते टाकीत पडायचं, पंपाने परत पहिल्या टोकाला यायचं, आणि मधल्या काचेतून ते वाहताना बाजूने दिसायचं. नद्या आपल्याला वरून दिसतात. ही नदी कडेने दिसायची. या पाटाचं पुढे काय करायचं, यावरून आमच्या घरात जे झालं ते मला सांगायचं आहे. पण माणूस सांगितल्याशिवाय पाट कळणार नाही, आणि माझी लिहिण्याची चालही सावकाशीची आहे.

मी ताईचा धाकटा भाऊ. नोकरी केली ती वाचनालयात, न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला. भिजलेल्या पुस्तकाइतकी केविलवाणी वस्तू ग्रंथपालाला दुसरी ठाऊक नसते, त्यामुळे पाण्याबद्दल माझं मत पहिल्यापासून जरा कलुषितच. भावोजी पहिल्यांदा माझ्या वाचनालयात आले तेव्हा त्यांनी एकाही कपाटाकडे बघितलं नाही. बाहेर जाऊन इमारतीला एक फेरी मारली आणि आत येऊन विचारलं, "मेहुणेबुवा, तुमच्या छपरावरचं पाणी कुठे जातं?" मी म्हटलं, "गटारात जात असेल." "गटारातून?" "ओढ्यात." "कुठल्या?" मला सांगता येईना. "इतकी पुस्तकं आहेत इथे," ते शांतपणे म्हणाले, "त्यातल्या एकात तरी असेल." मग त्यांनी मला हात धरून बाहेर नेलं, आणि माझ्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघे एका बँकेच्या आवारातून, एका दंतवैद्याच्या पार्किंगमधून आणि कुणाच्या तरी मागच्या अंगणातून चालत एका ओढ्यापाशी पोचलो. त्या अंगणातला कुत्रा मला अजून स्वप्नात दिसतो. ओढा मात्र सुंदर होता. आमच्याच इमारतीच्या मागे इतकी वर्षं तो वाहत होता आणि मी त्याला भेटलो नव्हतो.

प्रत्येक घराला दोन पत्ते असतात, असं त्यांचं म्हणणं. एक पोस्टमनचा आणि एक पाण्याचा. पहिला बदलतो, दुसरा बदलत नाही. त्यांच्या प्रत्येक वर्गाचा पहिला गृहपाठ हाच असायचा: स्वतःच्या छपरावर पडलेलं पाणी कुठे जातं ते पायी जाऊन बघून या. नकाशावर बघायचं नाही. दरवर्षी एखादा विद्यार्थी कुणाच्या तरी कुंपणावर चढलेला सापडायचा, घरमालक पोलिसांना बोलवायचे आणि भावोजी चपला घालून सोडवायला जायचे. जाताना पोलिसांनाही त्यांच्या चौकीचा पाण्याचा पत्ता विचारायचे. कॅरीतली काही घरं न्यूस नदीच्या खोऱ्यात येतात आणि काही केप फिअर नदीच्या. दोन्हीमधली रेषा गावातूनच जाते. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात लोक एकमेकांना पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे म्हणून ओळख करून देत, तिथे भावोजी म्हणत, "हे न्यूसचे. आम्ही केप फिअरचे. हे राहतात केप फिअरला, पण पार्किंग यांचं न्यूसमध्ये." लोक हसायचे आणि घरी जाऊन हळूच बघायचे, आपण कुठले.

माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा तर कमालच झाली. जावई अ‍ॅशबर्नचा, दोघंही तिथल्या डेटा सेंटरमध्ये कामाला. अ‍ॅशबर्नचं पाणी तिसऱ्याच नदीला, पोटोमॅकला जातं. लग्नात भाषणाला उभे राहिल्यावर भावोजी म्हणाले, "एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात न्यायचं तर या देशात परवानगी लागते. सुनावणी होते. हरकती मागवतात. मला कोणी विचारलंही नाही." हॉलमध्ये हशा पिकला. भाची उठून म्हणाली, "बाबा, सिट डाऊन!" आणि ते बसले. बसताना त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर बराच वेळ तो त्यांच्या हातातच होता.

त्यांच्याबरोबर प्रवास म्हणजे रस्त्याखालच्या मोऱ्यांची मोजदाद. गाडी कुठेही थांबायची. ताई डोळे न उघडता विचारायची, "नदी आहे की मोरी?" नदी असेल तर ती उतरायची, मोरी असेल तर झोपून राहायची. नायगाऱ्याला सगळं जग धबधब्याकडे तोंड करून उभं असतं. आमचे भावोजी धबधब्याकडे पाठ करून वरच्या अंगाची नदी बघत उभे होते. "पडताना काय, कुणीही भारी दिसतं," ते म्हणाले. "पडण्याच्या आधी चेहरा कसा होता ते बघावं." घरी भांडी घासायची पाळी त्यांची असली की वेगळीच अडचण. नळाची धार बेसिनच्या तळाला लागते तिथे पाणी पातळ चकतीसारखं पसरतं आणि थोडं पुढे गेल्यावर एकदम जाड होतं, त्याचं एक गोल कडं दिसतं. आपण सगळ्यांनी ते रोज पाहिलेलं असतं आणि कधीच पाहिलेलं नसतं. भावोजी त्याला उसळी म्हणत. घाईघाईने धावणारं उथळ पाणी एका जागी अचानक उसळतं, तिथे आपली सगळी मस्ती जिरवतं आणि मग खोल, संथ होऊन पुढे जातं. धरणाच्या पायथ्याशी असंच होतं, म्हणूनच खालची नदी खरवडून निघत नाही. "धरणात आणि आपल्या बेसिनमध्ये फरक फक्त खरकट्याचा," ते म्हणायचे. ताईचं म्हणणं असं की तीन बशा घासायला हा माणूस तासभर नळ सोडून बसतो आणि वर पाणी वाचवण्यावर मंडळात भाषणं देतो.

पण या सगळ्यापेक्षा त्यांचा एक नियम मोठा होता, आणि त्यासाठीच ते विद्यापीठात प्रसिद्ध होते, काही ठिकाणी बदनाम होते. पाण्यात हात घातल्याशिवाय सूत्र सांगायचं नाही. पहिल्या तासाला सगळा वर्ग पाटाभोवती उभा करायचे, बाह्या वर करायला लावायचे आणि एकेकाला म्हणायचे, "हात घाल." उसळीच्या अलीकडे हात घातला की पाणी बोटांना ओढतं, उसळीत घातला की चापट्या मारतं, पलीकडे घातला की नुसतं जवळ येऊन थांबतं. "आता काय झालं ते सांगा. तुमच्या भाषेत सांगा. स्पॅनिशमध्ये सांगा, कोरियनमध्ये सांगा. गणित मी नंतर देतो. गणित कुठे पळून जात नाही." विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाने एकदा पाटावर 'हात घालू नये' अशी पाटी लावली. भावोजींनी ती काढली नाही. ते सरकारी वस्तूंचा मान राखणारे गृहस्थ होते. त्यांनी त्या पाटीखाली खुंट्या ठोकल्या आणि घरचे टॉवेल आणून लटकवले. तपासणीला आलेला अधिकारी पाटी बघून खूश झाला, टॉवेल बघून गोंधळला आणि शेवटी कोपरापर्यंत भिजून गेला. पुढच्या वर्षी तो सुट्टी घेऊन तासाला आला म्हणे. हे मला भावोजींनीच सांगितलं आहे, तेव्हा थोडं पाणी धरायला हरकत नाही.

मग एक दिवस विभागाने प्रयोगशाळा बंद करायचं ठरवलं. संगणकावर सगळं दिसतं, पाट हवा कशाला? जागा दुसऱ्या कामाला हवी होती. भावोजी निवृत्तीला आले होते. ते भांडले नाहीत, नुसतं म्हणाले, "मग मी घरी नेतो." पाट घरी आला त्या दिवशी कळलं की गॅरेजपेक्षा तो लांब आहे. धरणांची मापं काढणाऱ्या माणसाने स्वतःचं गॅरेज मोजलं नव्हतं. ताई दारात उभी राहून म्हणाली, "आता काय, कापणार?" "छे, छे," ते म्हणाले आणि भिंत कापली. पाटाचं शेवटचं टोक कपडे धुण्याच्या खोलीत निघालं. तेव्हापासून ताईची गाडी कायमची बाहेर, आणि इस्त्रीचे कपडे कायमचे जरासे दमट.

त्या गॅरेजला त्यांनी काही नाव दिलं नाही, पण ते एक छोटं विद्यापीठ झालं. शाळेतले शिक्षक यायचे, विज्ञान प्रदर्शनाची मुलं यायची, महाराष्ट्रातून शिकायला आलेले विद्यार्थी शनिवारी पोह्यांच्या आशेने यायचे आणि बाह्या भिजवून जायचे. एका कोपऱ्यात वाळूचं टेबल होतं. त्यावर पाणी सोडलं की चहा होईपर्यंत नदी वळणं घ्यायला लागायची. दुसऱ्या कोपऱ्यात शॉवरच्या तोट्या जोडून केलेला पाऊस. पाटामागे ताईची जुनी पांढरी साडी पडद्यासारखी लावून ते लहान लहान फिल्म काढायचे आणि इंटरनेटवर टाकायचे, कुणीही फुकट वापराव्या म्हणून. त्यांत एक शब्द नसायचा, फक्त पाण्याचा आवाज आणि शेवटी एक प्रश्न, इंग्रजीत आणि मराठीत. उत्तर कुठेच नसायचं. उत्तरं का देत नाही असं मी विचारलं, तर म्हणाले, "उत्तर दिलं की लोक फिल्म बघणं थांबवतात. तुमच्या रहस्यकथांसारखं."

मी स्वतः त्या गॅरेजमध्ये बसायला लागलो तो माझी बायको गेल्यावर. वेस्ट विंडसरचं घर विकून मी कॅरीला आलो. लोक भेटायला यायचे, बोलायचे, मी मान हलवायचो. भावोजींनी मला पाटासमोर एका स्टुलावर बसवलं आणि एका बारीक काचनळीतून पाण्यात जांभळा रंग सोडला. पाणी इतकं संथ होतं की रंगाचा दोरा न थरथरता लांबवर गेला, जणू कुणी पाण्यात रेघ ओढून ठेवली होती. दुपारचं ऊन त्या पांढऱ्या साडीवर पडलं होतं आणि सगळं गॅरेज पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. मग त्यांनी झडप किंचित उघडली. दोरा थरथरला. आणखी किंचित. त्याला लाटा आल्या, आणि एका जागी तो असा विस्कटला की पुढचं सगळं पाणी फिकट जांभळं झालं. मी विचारलं, "कुठे तुटणार ते आधी सांगता येतं?" "साधारण सांगता येतं. नक्की नाही." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आणि तुटला म्हणजे रंग कुठे गेला असं नाही. तो सगळीकडे झाला." माझ्या बायकोबद्दल ते एवढंच बोलले, आणि तेही तिच्याबद्दल बोलत होते की रंगाबद्दल, हे मला आजही ठाऊक नाही. मी त्या स्टुलावर तो सबंध हिवाळा काढला.

ते आजारी पडले तेव्हा पाटाशिवाय दुसरी कुठलीच काळजी त्यांना नव्हती. एका दुपारी ताई औषधं आणायला गेलेली असताना मला म्हणाले, "मेहुणेबुवा, एक बघा. यात पाणी चालू राहावं आणि त्यात मुलांचे हात असावेत. कोरडा पाट म्हणजे नुसतं टेबल." मी म्हटलं, "हे ताईला सांगा ना." "तिला सांगितलं तर ती जन्मभर इथे पंप चालवत बसेल. तिला लेकीकडे जाऊ दे." मी हो म्हटलं. त्या वेळी हो म्हणायला काय जातं?

पानगळ सुरू झाली, रस्त्याकडेच्या गटारांच्या जाळ्या पानांनी तुंबायला लागल्या आणि भावोजी गेले. ताईने अ‍ॅशबर्नला लेकीकडे जायचं ठरवलं. घर विकायचं होतं. पाटाचा प्रश्न माझ्या भाचीने परस्पर सोडवला. एका मोठ्या विज्ञान संग्रहालयाला तो हवा होता. त्यांचा माणूस आला, हातमोजे घालून काचेवरून हात फिरवला, खालून दिवे कसे लावू ते सांगितलं. पाणी सोडता येणार नव्हतं, गळतीची भीती. पुढे दोरी, आणि दोरीवर पितळी पट्टी. पट्टीवर भावोजींचं पूर्ण नाव. त्याने नमुना दाखवला आणि ताई तो हातात घेऊन किती तरी वेळ बघत राहिली.

तो गेल्यावर मी तिला भावोजींचं बोलणं सांगितलं. सांगायला नको होतं असं लगेच वाटलं.

"तुला सांगितलं?" ती म्हणाली. "मला नाही?"

"तू इथेच अडकून पडशील म्हणून—"

"माझं काय होईल ते मला विचारायचं होतं." तिने नमुना टेबलावर ठेवला. "ऐक. इतकी वर्षं या देशात यांचं नाव कुणाला धड म्हणता आलं नाही. निरोपाच्या केकवरसुद्धा चुकवलं होतं. हे हसले आणि केक खाल्ला. आता निदान लिहिलेलं तरी नीट राहील. पाणी काय रे, पाणी कुठेही असतं."

फोनवर भाचीही तेच म्हणाली. "मामा, बी प्रॅक्टिकल. म्युझियममध्ये बाबांचं नाव फॉरएव्हर राहील. कुठल्या कॉलेजला दिलं तर दोन वर्षांत स्क्रॅप." माझी उत्तरं नेहमी पुस्तकांतून येतात आणि त्यात हे नव्हतं. शिवाय ताईचं चुकतं आहे असंही मला म्हणवेना.

संग्रहालयाचा ट्रक यायचा त्याच्या आदल्या आठवड्यात सुजाता भेटायला आली. ती चंद्रपूरची, भावोजींच्या शेवटच्या शेवटच्या विद्यार्थ्यांपैकी. आता तासाभराच्या अंतरावर एका छोट्या कम्युनिटी कॉलेजात शिकवते. तिथले विद्यार्थी दिवसा नोकऱ्या करणारे. कुणी प्लंबर, कुणी ट्रक चालवणारा, कुणी दोन मुलांची आई. ती ताईच्या पाया पडायला वाकली नाही, तिने ताईचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग चहा झाला. मग ती गॅरेजमध्ये जाऊन पाटापाशी उभी राहिली. ताईने पितळी पट्टीचं सांगितलं.

"छान होईल काकू," ती म्हणाली आणि पाटाच्या कडेकडेने दोन पावलं चालली. मग म्हणाली, "मी मागायलाच आले होते खरं तर. पण तुमचं ठरलंय, तर राहू दे."

"मागायला? तुमच्या कॉलेजात नाव लागेल का यांचं?"

"नाही काकू. लॅबला नुसता नंबर आहे. मी खोटं नाही सांगणार."

"काच फुटली तर?"

"फुटेलच कधीतरी. बदलू."

"बघ," ताई मला म्हणाली, जणू सुजाता माझ्या बाजूची वकील होती आणि तिनेच खटला घालवला होता.

सुजाताने काचेला हात लावला. "काकू, माझ्या आजीला गावच्या विहिरीला हात लावू द्यायचे नाहीत. लांब ओंजळ धरून उभं राहायचं. कुणी आलं आणि वरून ओतलं तर पाणी. तिच्या पुढचं सगळं बदललं, माझी आई शिकली, मी इथवर आले. मला कुणी कधी अडवलं नाही. पण सरांच्या पहिल्या तासाला सगळ्यांनी हात घातले आणि मी हात मागे बांधून उभी. का, ते मलाच कळेना. सर म्हणाले, 'सुजाता, तुझा हात अजून कोरडा आहे.' बस, एवढंच. मी घातला." ती जरा हसली. "मग बाहेर काढवेना. मागच्या पोराने ओरडून सांगितलं, यार, आमचा नंबर येऊ दे."

पंप बंद होता. गॅरेजमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"हे यांना सांगितलंस कधी?" ताईने विचारलं.

"नाही. काय सांगायचं? ते सगळ्यांनाच म्हणायचे, हात घाल. मला वेगळं काही म्हणाले नव्हते. तेच तर."

ताईने डोळ्यांना पदर लावला नाही, ती तशी बाई नाही. ती आत गेली. कपाट उघडल्याचा, काहीतरी ओढून काढल्याचा आवाज आला. मला वाटलं रागावली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात टॉवेलांची चळत होती, हनुवटीपर्यंत.

"तुमच्याकडे हात पुसायला काय आहे गं?"

"भिंतीवर ड्रायर आहे, काकू."

"ड्रायरने काय होतंय, कोपरापर्यंत भिजतात मुलं." तिने ती चळत सुजाताच्या हातात दिली. "हे घेऊन जा. आणि ट्रकचं कधी जमतंय ते कळव."

संग्रहालयाला नाही म्हणायचा फोन मी केला. भाचीला ताईने केला, तो बराच लांबला आणि त्यातलं मला एवढंच ऐकू आलं, "हो, माझं डोकं ठिकाणावर आहे." भिंतीतलं भोक बुजवलं, गॅरेजमध्ये ताईची गाडी इतक्या वर्षांनी परत उभी राहिली आणि लगेच घरच विकलं गेलं.

या वसंतात ताई अ‍ॅशबर्नहून कॅरीला माझ्याकडे राहायला आली होती. एका दुपारी म्हणाली, "चल, बघून येऊ." सुजाताला कळवलं नव्हतं, आम्ही पोचलो तेव्हा ती दुसऱ्या वर्गावर होती. लॅबचं दार उघडं होतं. आत एकटाच एक विद्यार्थी, तिशीतला, अंगात प्लंबिंग कंपनीचा शर्ट, खिशावर नाव शिवलेलं. पाट चालू होता. काचेचा एक भाग नवा दिसत होता. नाव कुठेच नव्हतं. ताईची नजर ते शोधत दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, ते मी बघितलं.

"आत यायचंय, मॅम?" तो म्हणाला. "या ना. आमचा फ्ल्यूम आहे. इथे उभ्या राहा, इथून नीट दिसतं."

मी काही सांगायच्या आधी ताईने माझ्या दंडाला हात लावला. ती त्याने दाखवलेल्या जागी जाऊन उभी राहिली. त्याने सांगायला सुरुवात केली. हे पाणी बघा, घाईत आहे. इथे बघा काय होतं. याला जंप म्हणतात. इथे त्याची ताकद जिरते. धरणाखालीसुद्धा हेच. ती शेवटची फळी उभी केली की जंप खाली सरकते. हात घाला, घाला, काही होत नाही. तो सांगत होता, हातवारे करत होता, स्वतःच रंगून गेला होता. ताई मान हलवत होती. "अँड देन?" ती मधेच विचारत होती, आणि तो आणखी खुलत होता. खिडकीतून ऊन पाटातून आरपार येऊन पलीकडच्या भिंतीवर हलत होतं, आणि त्या हलत्या उजेडात ती दोघं उभी होती; मी दारातच थांबलो.

परतताना तिने गाडीची काच खाली केली. बाहेर रस्त्याकडेला डॉगवूडची झाडं फुलून पांढरी झाली होती.

"छान सांगत होता पोरगा," ती म्हणाली. "एक चुकलं त्याचं. शेवटची फळी उभी केली की उसळी वरच्या अंगाला सरकते. तो खाली म्हणाला."

"मग सांगायचंस की त्याला."

"कशाला?" ताई म्हणाली. "फळी उभी करेल तेव्हा दिसेलच त्याला."